यामिनीच्या तब्येतीबद्दल

विनयने दुसरं लग्न केलं तेव्हा त्याचा आणि यामिनीचा मुलगा सुश्रुत चौदा वर्षांचा होता. तो आयर्लंडमधल्या वॉटरफोर्डहून पुण्याला गेला, बापाच्या रिसेप्शनला शेरवानी घालून नाचला आणि हातात माइक घेऊन इंग्रजीत चार वाक्यांचं भाषण केलं. माझे बाबा आनंदात आहेत म्हणून मीही आनंदात आहे, असं काहीसं. त्याचा व्हिडिओ नातेवाइकांत फिरला. यामिनीच्या आईनेही तो पाहिला आणि लेकीला फोन करून म्हणाली, "किती समंजस आहे गं पोरगा."

यामिनीने विषय बदलला. घटस्फोटाला तेव्हा दोन वर्षं पुरी झाली नव्हती. विनय आयर्लंड सोडून परत गेला, मुलगा तिच्याकडे राहिला, आणि बापाला सोबत हवी हे सगळ्यांना कोणी न सांगता कळलं. तिला हवी का, हे कोणी विचारलं नाही. वॉटरफोर्डबाहेरच्या इंजेक्शनं बनवणाऱ्या कंपनीत ती मायक्रोबायोलॉजिस्ट होती. सकाळी सातला घर सोडायची, पाचला परत यायची, आणि मग शाळा, डबा, हर्लिंग या इथल्या खेळाची प्रॅक्टिस, दातांचा डॉक्टर. अशी सात वर्षं गेली. ती अठ्ठेचाळीसची झाली आणि सुश्रुत एकवीसचा.

सुश्रुतने डिग्री पुरी केली होती आणि पुढे काय करायचं याचा तो विचार करत होता. आठवड्यातून तीन दिवस फोनच्या दुकानात काम करायचा, उरलेले दिवस घरी. त्याला मराठी सगळं समजायचं, बोलायचा मात्र इंग्रजी, तेही अस्सल वॉटरफोर्डच्या चालीत. दिसायला देखणा, वागायला गोड. मराठी कुटुंबांच्या गेट-टुगेदरला तो बायकांच्या हातातली भांडी काढून घेऊन धुवायला उभा राहायचा. सगळ्या म्हणायच्या, "नशीब लागतं असा मुलगा मिळायला. आईला सोडून गेला नाही." तो आईला सोडून गेला नाही कारण आई त्याचे कपडे धूत होती, हे यामिनीच्या ओठांवर यायचं. ती गिळून टाकायची.

उपेंद्र तिला भेटला तो मे महिन्यात, वॉटरफोर्डजवळच्या महॉनच्या धबधब्यावर. मराठी मंडळींनी तिथे चढाईचा बेत केला होता आणि हा गृहस्थ पार उत्तरेकडच्या डंडॉकहून पावणेतीन तास गाडी चालवून आला तो ऑफिसचे चामडी बूट घालून. पहिल्याच ओल्या दगडावर घसरला. यामिनी मागे होती. तिने त्याचा दंड धरला आणि म्हणाली, "लग्नाला आलाय का?"

"सपाट रस्ता आहे असं सांगितलं होतं ना बाप्पा मला," तो म्हणाला. उरलेली चढण तो तिच्या पावलांवर पावलं ठेवत चढला आणि वर पोचल्यावर डब्यातून सांबारवडी, म्हणजे नागपूरकडची कोथिंबीरवडी, काढून सगळ्यात आधी तिला दिली.

तो नागपूरचा, बावन्न वर्षांचा, ऑनलाइन पेमेंटच्या एका कंपनीत इंजिनिअर. बायको, रोहिणी, चार वर्षांपूर्वी गेली होती. मूलबाळ नव्हतं. बोलायला सावकाश, हसायला पटकन. जूनमध्ये ते दोघं किलकेनीत दोनदा जेवायला भेटले. जुलैत तो दर दुसऱ्या शनिवारी वॉटरफोर्डला येऊ लागला. रात्री एका साध्याशा गेस्टहाउसमध्ये उतरायचा आणि रविवारी दुपारी परत जायचा. 'तुम्ही'चं 'तू' व्हायला जुलैचा शेवट उजाडला. ग्रीनवेवर, जुन्या रेल्वेमार्गाच्या सायकलवाटेवर, सायकल चालवताना तिने त्याला "तू पुढे हो" म्हटलं आणि तो पुढे न जाता थांबलाच.

यामिनीने सुश्रुतला सगळं पहिल्यापासून सांगितलं होतं. लपवण्यासारखं काही नव्हतं. त्याने मिठी मारली आणि म्हणाला, "आई, मस्तच. मी खूश आहे."

समोर तो 'उपेंद्रकाका' म्हणायचा. पाठीमागे 'युअर मॅन.' आयर्लंडमध्ये कुठल्याही बाप्याला असं म्हणतात, त्यात अपमान असतोच असं नाही, पण सुश्रुत म्हणायचा तेव्हा असायचा.

उपेंद्रने त्याला विचारलं, आईला फुलं कोणती आवडतात? सुश्रुतने सांगितलं, लिली. उपेंद्र लिलीचा भला मोठा गुच्छ घेऊन आला आणि यामिनीला संध्याकाळभर शिंका आल्या, डोळे सुजले. सुश्रुतच फुलं बाहेर ठेवून आला, गोळीही त्यानेच आणून दिली. ऑगस्टमध्ये उपेंद्रने तिच्या स्वयंपाकघरात पाटोडी रस्सा केला, तीन तास खपून. तो इतका खारट झाला की घशाखाली उतरेना. सुश्रुतने पूर्ण वाटी संपवली आणि "लव्हली" म्हणाला. उपेंद्र कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला. "मीठ मी एकदाच घातलं होतं," तो दोनदा म्हणाला. यामिनीला वाटलं, घाबरला असेल बिचारा, दोनदा पडलं असेल. तिला मुलाची शंका आली नाही. आईला येत नाही.

सप्टेंबरच्या मध्यापासून उपेंद्र बदलला. आधी म्हणाला, सॉफ्टवेअरचं रिलीज आहे, एक शनिवार जमणार नाही. मग म्हणाला, पाठ धरलीये. फोन करायचा, पण अगदी जपून बोलायचा, जेवलीस का, झोप झाली का, जास्त दगदग करू नकोस. तिने काही विनोद केला की हसण्याआधी क्षणभर थांबायचा. ऑक्टोबरात एकदाही आला नाही. शेवटी त्याने एक लांब मेसेज पाठवला. तू फार चांगली आहेस, तुला त्रास होईल असं काही माझ्या हातून होऊ नये, आपण जरा सावकाश घेऊ, तू स्वतःला जप.

यामिनीने तो मेसेज गाडीत बसून चार वेळा वाचला. आपलं काय चुकलं याची तिने यादी केली. आपण फार बोलतो. आपण हुकूम सोडतो. आपले केस. त्या आठवड्यात ती प्रयोगशाळेत प्लेट्सवरचे जंतू मोजताना दोनदा चुकली. सुश्रुतने चहा करून दिला, तिच्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि म्हणाला, "जाऊ दे गं आई. आपण दोघं ग्रँड आहोत, मजेत आहोत." तिला रडू आलं, आणि मुलगा जवळ आहे याचं बरंही वाटलं. या बरं वाटण्याबद्दल तिला पुढे स्वतःचाच सगळ्यात जास्त राग आला.

नोव्हेंबरच्या एका मंगळवारी मृणालिनी कँटीनमध्ये तिच्या समोर येऊन बसली. मृणालिनी त्याच कंपनीत, पलीकडच्या विभागात होती, धबधब्यालाही बरोबर होती, आणि यामिनीची इथली सगळ्यात जवळची मैत्रीण. तिने ट्रे बाजूला सारला, इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"गोळ्या नियमित घेतेस ना?"

"कसल्या गोळ्या?"

"यामिनी, माझ्यापासून लपवू नकोस. मला काही वाटणार नाही. इतकं सगळं एकटीने सोसलंस, मला सांगायचंस तरी."

यामिनीने चमचा खाली ठेवला. "काय सोसलं? नीट सांग."

मृणालिनीने सांगितलं. उपेंद्रने तिला आदल्या दिवशी फोन केला होता. त्याला काळजी वाटत होती, यामिनीच्या जवळपास लक्ष ठेवणारं कोणी असावं म्हणून. दोन वर्षांपूर्वी यामिनीची कोणाशी तरी मैत्री होती. ती तुटली तेव्हा तिने झोपेच्या गोळ्या घेतल्या. चार दिवस हॉस्पिटलमध्ये होती. त्यानंतर औषधं चालू आहेत आणि डॉक्टरांनी मनावर ताण येईल असं काही नको म्हणून सांगितलंय.

यामिनीने ऐकून घेतलं. "यातलं एक अक्षर खरं नाही," ती म्हणाली.

मृणालिनीने तिच्या हातावर हात ठेवला. "बरं," ती म्हणाली. "बरं, ठीक आहे." आणि तिच्या चेहऱ्यावर यामिनीला स्पष्ट दिसलं की तिचा विश्वास बसलेला नाही. जिला असं काही झालेलं असतं ती नाहीच म्हणणार. जितकं जोरात नाही म्हणेल तितकं ते खरं ठरणार. यामिनीच्या तळपायाची आग मस्तकाला गेली आणि तीसुद्धा तिला दाबावी लागली, कारण आता चिडणं हाही पुरावा होता.

ती पार्किंगमध्ये गेली, गाडीत बसली आणि उपेंद्रला फोन लावला.

"माझ्याबद्दल हे तुला कोणी सांगितलं?"

तो म्हणाला, "मी शब्द दिलाय कोणाला तरी."

"माझ्याबद्दल तू दुसऱ्या कोणाला तरी शब्द दिलास."

"यामिनी, तू आधी शांत हो. पाणी पी थोडं."

तो आवाज तिने ओळखला. आजाऱ्याच्या उशाशी बसून बोलायचा आवाज. दोन महिने तो याच आवाजात बोलत होता आणि ती आपले केस तपासत बसली होती.

"मी शांत आहे," ती म्हणाली. "मला फक्त सांग, त्या चार दिवसांबद्दल तुला काय सांगितलं?"

"दोन वर्षांपूर्वी, मार्चमध्ये… तू हॉस्पिटलमध्ये होतीस ना?"

"होते. माझं पित्ताशय काढलं. पोटावर चार टाक्यांच्या खुणा आहेत."

"पित्ताशय?" तो म्हणाला.

मार्चमधले ते चार दिवस तिने कंपनीत रजा म्हणून सांगितले होते. मृणालिनी तेव्हा भारतात होती. आईला काळजी नको म्हणून पुण्यालाही कळवलं नव्हतं. हॉस्पिटलमध्ये तिला सोडायला आणि आणायला एकच माणूस आला होता. तिने फोन ठेवला, सुपरवायझरला अर्ध्या दिवसाची रजा सांगितली आणि घरी निघाली.

सुश्रुत घरीच होता. दुपारचे अडीच वाजले होते. त्याने प्रेस उघडून, म्हणजे स्वयंपाकघरातलं कपाट उघडून, सिरियलचा डबा काढला होता आणि उभ्याउभ्याच खात होता.

"लवकर आलीस."

"उपेंद्रला काय सांगितलंस माझ्याबद्दल?"

त्याने विचार केला. खोटं चालेल का याचा तो विचार होता, हे तिला दिसलं. आणि मग बहुधा चालणार नाही असं ठरवून त्याने वाटी ओट्यावर ठेवली.

"मी तुझी काळजी घेत होतो," तो इंग्रजीत म्हणाला.

"मराठीत सांग. मला ज्या भाषेत रडू येतं त्या भाषेत सांग."

"आई, प्लीज."

"मी जीव द्यायला निघाले होते असं तू सांगितलंस. लोकांना."

"लोकांना नाही. एका माणसाला."

"ते आज माझ्या कँटीनमध्ये पोचलं. उद्या मॅनेजरपर्यंत जाईल. इंजेक्शनची तपासणी करते मी, सुश्रुत. माझ्या सहीवर माल बाहेर पडतो. आणि ज्या माणसांना खरंच असं होतं, त्यांचं दुखणं तू उचललंस आणि माझ्यावर फेकलंस, तुझी खोली तुझी राहावी म्हणून."

तो लाल झाला. मग तो जे म्हणाला ते मोडक्या मराठीत म्हणाला. "पण तो पळाला ना. एक गोष्ट ऐकली आणि पळाला. तू आजारी असतीस तर तो राहिला नसता. मी राहिलो असतो. बघ, मी फक्त टेस्ट केली."

त्यात खोटं काही नव्हतं. ते खरं बोलायचा हक्क या मुलाला नव्हता, आणि तरी ते खरं होतं.

"मीठही तूच घातलंस का? ऑगस्टमध्ये?"

त्याने खांदे उडवले. क्षणभर त्याच्या तोंडावर हसू आलं, आणि तिने पाहिलं की त्याला अजूनही ती गंमतच वाटते.

"तूच म्हणाली होतीस," तो म्हणाला, आता पुन्हा इंग्रजीत आणि हळू. "बाबा गेले त्या दिवशी. एअरपोर्टहून येताना. आता आपण दोघंच. तू म्हणाली होतीस."

म्हणाली होती. मागच्या सीटवर बारा वर्षांचं पोर हुंदके देत होतं आणि तिला मोटरवेवर गाडी थांबवता येत नव्हती. ती खुर्चीवर बसली. तो तिच्याकडे आशेने पाहत होता. अशा वेळी आजवर ती विरघळत आली होती, आणि त्याला ते ठाऊक होतं.

"म्हणाले होते," ती म्हणाली. "तू लहान होतास म्हणून. तू रडायचं थांबावंस म्हणून. मी तुला जन्मभराचं काही लिहून दिलं नव्हतं. तुझ्या बाबांना तू माइकवर शुभेच्छा दिल्यास. मला काय दिलंस?"

त्याने ओट्यावरची वाटी सिंकमध्ये ठेवली.

"आता त्याला फोन लाव. स्पीकरवर. माझ्यासमोर खरं सांग."

त्याने लावला. उपेंद्रकाका, मी खोटं बोललो, आईला तसं काही झालेलं नाही, ते ऑपरेशन होतं, सॉरी. इतकं त्याने सांगितलं. पलीकडून उपेंद्रचा सुस्कारा ऐकू आला, आणि मग त्याचा मऊ आवाज. "ठीक आहे बेटा. होतं असं. आईवरच्या प्रेमापोटीच केलंस ना. मी मनात ठेवणार नाही."

यामिनीने फोन मुलाच्या हातातून घेतला.

"तू कशाला माफ करतोस?" ती म्हणाली. "त्याने बदनामी माझी केली. तुझं काय गेलं? तुम्ही दोघं एका टेबलावर बसून माझ्याबद्दल बोललात. माझं डोकं ठिकाणावर आहे की नाही हे ठरवलंत, माझ्या आयुष्यात काय असावं हे ठरवलंत. दोन महिने. त्या दोन महिन्यांत मला विचारावं असं तुला एकदाही वाटलं नाही. आता परत एकमेकांना समजून घेताय. मला यात कुठे जागा आहे ते सांग."

"यामिनी, ऐक तर…"

"नाही," ती म्हणाली आणि फोन बंद केला. सुश्रुतला म्हणाली, "जानेवारी लागायच्या आत दुसरी जागा बघ."

"वॉटरफोर्डमध्ये रूम मिळत नाही. तुला माहितीये."

"शोध."

आठवड्याभरात पुण्याला सगळं पोचलं, अर्थात सुश्रुतच्या बाजूने. आई फोनवर रडली. एकुलत्या एका मुलाला घराबाहेर काढतेस, आणि कोणासाठी? या वयात? लोक काय म्हणतील? विनयने फोन केला, नऊ वर्षांत तिसऱ्यांदा. तो फार समजुतीने बोलला. म्हणाला, "मुलाच्या मनाचा विचार व्हायला हवा होता, यामिनी. त्याला असुरक्षित वाटलं असणार."

"तू लग्न ठरवलंस तेव्हा त्याच्या मनाचा विचार कसा केला होतास?" तिने विचारलं. "सांग मला. मीही तसाच करते."

विनय म्हणाला की वाद घालायला त्याने फोन केलेला नाही. तिने शांतपणे सांगितलं की तिनेही केलेला नाही, फोन त्याने केलाय, आणि ठेवून दिला.

मृणालिनीशी बोलायला तिला चार दिवस लागले. शेवटी तिने हॉस्पिटलचं डिस्चार्ज पत्र कँटीनच्या टेबलावर तिच्यासमोर ठेवलं. पित्ताशय, शस्त्रक्रिया, तारीख. मृणालिनीने वाचलं आणि तिचे डोळे भरले. "मी तुझ्यावर विश्वास ठेवायला हवा होता."

"हो," यामिनी म्हणाली. "कागदाशिवाय." तिला मैत्रिणीला दुखवायचं नव्हतं, पण ते गिळायचंही नव्हतं. जेवण थंड झालं तरी दोघी उठल्या नाहीत.

डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी सकाळी अकराला उपेंद्रची गाडी तिच्या दारात उभी राहिली. न विचारता आला होता. यामिनीने खिडकीतून पाहिलं. तो उतरला नाही, बेल वाजवली नाही, स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिला. वीस मिनिटांनी ती कोट घालून बाहेर आली आणि बाजूच्या सीटवर बसली.

"ट्रामोरला चल," ती म्हणाली. "घरात नको."

ट्रामोरच्या किनाऱ्यावर वारा इतका होता की दोघांना मान खाली घालूनच चालावं लागत होतं. मग तो म्हणाला, "मी चुकलो."

"ते मला माहीत आहे. मला दुसरं विचारायचंय. समजा ते खरं असतं. समजा मी खरंच गोळ्या घेतल्या असत्या. मग?"

तो थांबला.

"सुश्रुत म्हणाला, तू पळालास. तो मुलगा माझ्याशी फार वाईट वागला, पण हे त्याचं वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. तू मला म्हणालास, तुला त्रास होऊ नये म्हणून सावकाश घेऊ. खरंच आजारी असते तर ते वाचून माझं काय झालं असतं, याचा विचार केला होतास? की मी आजारी आहे म्हणून मला सोडणं हीच माझी काळजी?"

वाळूत एक कुत्रा भुंकत पुढे गेला, त्याच्यामागे एक म्हातारी बाई.

"रोहिणी सहा वर्षं आजारी होती," तो म्हणाला. "तुला मी फक्त ती गेली एवढंच सांगितलं. सहा वर्षं मी रोज तिच्या तोंडाकडे बघून आजचा दिवस कसा जाणार ते ओळखायचो. सुश्रुत बोलला तेव्हा मला ते सगळं परत दिसलं. मी घाबरलो. काळजी वगैरे नंतर सुचलं. आधी घाबरलो आणि पळालो. तो पोरगा बरोबर बोलला."

त्याने सबबी सांगितल्या असत्या तर तिला सोपं गेलं असतं. ती चिडलेलीच होती आणि चिडलेलीच राहिली, पण त्या रागाच्या दुसऱ्या बाजूला आता एक माणूस होता.

"मी घेतल्या होत्या गोळ्या," ती म्हणाली. "विनय गेल्यावर. जीव द्यायला नाही. डॉक्टरने दिलेल्या, मन थाऱ्यावर यावं म्हणून, सात महिने. आणि मी नोकरी केली, मुलाचा डबा केला, इथली ड्रायव्हिंग टेस्ट दिली. पुन्हा लागल्या तर पुन्हा घेईन. तुला कधीतरी असलं काही कळणारच होतं. ते माझ्याकडून कळायला हवं होतं, आणि तू विचारायला हवं होतंस."

"आता विचारू?"

"आज नको. आज मी तुला धड उत्तर देणार नाही."

तो मान हलवून बरोबर चालत राहिला. परत येताना त्याने तिला दारात सोडलं आणि पुढच्या शनिवारी येऊ का असं विचारलं. ती म्हणाली, "ये. पण तू माझ्याशी त्या आवाजात बोललास तर मी दार लावून घेईन." कोणता आवाज, हे त्याला सांगावं लागलं नाही.

सुश्रुतला नाताळाच्या आदल्या आठवड्यात नदीपलीकडे फेरीबँकला जागा मिळाली, फोनच्या दुकानातल्या दोन मुलांबरोबर. सामान त्याने दोन फेऱ्यांत नेलं. यामिनीने त्याला कुकर दिला, मसाल्याचे डबे दिले, आणि दारात उभी राहिली तेव्हा तो म्हणाला, "तू मला खरंच जाऊ देतेयस." त्यात धमकी नव्हती. त्याला खरोखर आश्चर्य वाटत होतं. ती रिकाम्या खोलीत गेली, चादर काढली, वॉशिंग मशीनपाशी उभी राहून भरपूर रडली आणि मशीन लावलं. तिला त्याची आठवण रोज येत होती. त्याला परत ये म्हणावंसं मात्र एकदाही वाटलं नाही.

पहिला महिना तो बोलला नाही. मग फोन करून विचारलं, वरणाला फोडणी आधी देतात की नंतर. मग रविवारी जेवायला येऊ लागला. एका रविवारी उपेंद्रही होता. सुश्रुत पूर्ण जेवणभर मराठीत बोलण्याची धडपड करत होता आणि उपेंद्र त्याला क्रियापदं पुरवत होता. यामिनीला ते पाहून फार काही भरून आलं नाही. हे आधीच करता आलं असतं, एवढंच तिला वाटलं.

एप्रिलमध्ये त्यांनी रजिस्ट्रारकडे लग्नाची नोटीस दिली. इथे तीन महिने आधी द्यावी लागते. त्याच संध्याकाळी तिने आईला व्हिडिओ कॉल केला. आईने ऐकलं, पदराने चष्मा पुसला आणि विचारलं, "सुश्रुतला विचारलंस?"

"त्याला सांगितलं," यामिनी म्हणाली. "विचारलं नाही."

"मग काय म्हणाला?"

"मला वेळ लागेल म्हणाला. मी म्हटलं, घे."

आईने चष्मा परत लावला. मागे पुण्याच्या घरातला पंखा फिरताना दिसत होता. मग ती म्हणाली, "विनयच्या लग्नाच्या वेळी मी तुझ्याबद्दल काही बोलले नव्हते. तेव्हा बोलायला हवं होतं, असं अलीकडे वाटतं." आणि थोडं थांबून, "मला तिकडे कोणी आणेल का? एकटीने विमान बदलायला जमायचं नाही."

यामिनीच्या मनात येऊन गेलं की हे वाक्य सात वर्षांपूर्वी आलं असतं तर. राग गेला नव्हता, आणि तो गेल्याचं सोंग करायची तिची तयारी नव्हती. तिने फक्त कॅलेंडर उघडलं, जुलैच्या तारखा पाहिल्या आणि आईचा पासपोर्ट कधी संपतो ते विचारलं.